जुन्या नोंदवहीची छायाचित्रे आणि त्यांची एक पीडीएफ

प्राथमिक शाळेच्या दप्तरात सर्वांत मोलाची वही कोणती, असा प्रश्न केल्यास नवा शिक्षक बहुधा हजेरीपत्रकाचे नाव घेईल; जुना मुख्याध्यापक मात्र कपाटातील जनरल रजिस्टराकडे बोट दाखवील. हजेरीपत्रकाचे काम वर्षाबरोबर संपते. जनरल रजिस्टराचे, म्हणजेच प्रवेश-निर्गम नोंदवहीचे, काम कधीच संपत नाही. तीत ज्याचे नाव एकदा चढले तो पुढे शेती करो, फौजेत जावो की मुंबईस गिरणीत लागो. जन्मदिनांक, जन्मस्थळ, जात आणि शाळा सोडल्याची तारीख एवढ्या चार गोष्टींसाठी त्याला, त्याच्या मुलांना आणि नातवंडांनाही याच वहीकडे परतावे लागते.

नातवंडांचा उल्लेख अलंकारासाठी केलेला नाही. जातीच्या दाव्याच्या पडताळणीत अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे दिनांक महत्त्वाचे मानले जातात, आणि त्यांच्या आधीच्या कागदाला विशेष वजन असते. ज्या कुटुंबाजवळ जमिनीचा तुकडा नाही, म्हणून सातबारा नाही, त्याच्याजवळ आजोबांच्या नावाचा असा जुना सरकारी कागद पुष्कळदा एकच असतो. तो म्हणजे शाळेतील प्रवेशाची ओळ. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला तेव्हाही शाळांची जुनी दप्तरे उघडावी लागली आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली.

अशी ही वही सामान्यतः असते कोठे? लाकडी पेटीत अथवा लोखंडी कपाटाच्या तळाशी. शाई उडालेली, कडा कुरतडलेल्या, मधली शिवण सुटलेली. प्रत्येक दाखल्याच्या वेळी ती उघडली जाते आणि प्रत्येक उघडण्यात तिचा थोडा क्षय होतो. वाळवी आणि गळके छप्पर हे नित्याचे शत्रू. शिवाय ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडकडे पुराचे पाणी घरांप्रमाणे शाळांतही शिरले, हे सर्वांच्या स्मरणात आहे. भिजून एकजीव झालेले पान पुन्हा सुटे होत नाही.

म्हणून नोंदवहीची छायाचित्रे काढून ठेवावीत, हे आता बहुतेक शिक्षकांस पटले आहे आणि पुष्कळांनी ती काढलीही आहेत. परंतु मोबाईलमध्ये लग्नाच्या, सहलीच्या आणि पोषण आहाराच्या चित्रांत मिसळलेली दीडशे सुटी छायाचित्रे म्हणजे नोंदवही नव्हे. कोणते पान कोणाच्या आधीचे, मधले एखादे राहिले काय, हे त्यांवरून सांगता येत नाही. सुट्या पानांची वही करावयाची तर शिवण हवी. ते शिवणीचे काम पीडीएफ करते.

पीडीएफ म्हणजे काय

पीडीएफ हा कागदपत्र साठविण्याचा एक ठरलेला साचा आहे. अ‍ॅडोब या अमेरिकन कंपनीचे एक संस्थापक जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ साली त्याची कल्पना मांडली आणि १९९३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एका यंत्रावर केलेला कागद दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर जसाच्या तसा दिसावा आणि छापला जावा, ही त्यामागील गरज होती. २००८ साली हा साचा आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाला, त्यामुळे तो आज एका कंपनीचा राहिलेला नाही. तालुक्याच्या कचेरीत, जिल्ह्याच्या कचेरीत आणि शिक्षकाच्या मोबाईलवर एकच पीडीएफ एकाच स्वरूपात उघडते याचे कारण हेच.

मोबाईलचे छायाचित्र सामान्यतः जेपेग या प्रकारचे असते. हा प्रकार डोळ्यास फारसा न जाणवणारा तपशील गाळून फाईल लहान करतो. गाळलेले परत मिळत नाही, आणि तेच चित्र पुन्हा पुन्हा नव्याने साठविले तर दर वेळी आणखी थोडे गळते. गडद शाईच्या अक्षराला याचा त्रास होत नाही. साठ वर्षांपूर्वीच्या फिकट अक्षराला होतो. पीडीएफची सोय अशी की जेपेग चित्र तिच्यात न बदलता, पाकिटात कागद घालावा तसे ठेवता येते. मात्र पीडीएफ तयार करणारी प्रत्येक प्रणाली तसे करीलच असे नाही. काही प्रणाली चित्र आतल्या आत लहान करून टाकतात. म्हणून वही शिवून झाल्यावर सर्वांत फिकट पान मोठे करून पाहावे आणि मूळ छायाचित्राशी ताडावे. अक्षर तेथे वाचता आले तर इतर पानांची चिंता नाही.

सराव हस्तलिखितावर

नोंदवहीला हात घालण्यापूर्वी ही कृती एकदा हलक्या वस्तूवर करून पाहावी. शाळेचे हस्तलिखित यास उत्तम. मुलांच्या कविता, गावाची माहिती आणि रंगीत चित्रे असलेली तीस-चाळीस पाने. चूक झाली तर कोणाचे काही बिघडत नाही. सातवीची मुले या कामात आनंदाने सहभागी होतात. एकाने पान उलटावे, दुसऱ्याने क्रमांक मोठ्याने सांगावा, तिसऱ्याने चित्र घ्यावे. तयार झालेले हस्तलिखित पालकांना पाठविता येते, हा वेगळा लाभ. नोंदवहीच्या कामात मात्र मुलांना घेऊ नये. तीत गावातील घराघरांची खाजगी माहिती असते.

छायाचित्र घेताना

सकाळी नऊ-दहाच्या सुमारास व्हरांड्यातील सावलीत जो मऊ उजेड असतो, तो सर्वांत चांगला. थेट ऊन पडले तर कागद चकाकतो. मोबाईलचा दिवा लावला तर पानाच्या मध्यावर पांढरा डाग पडतो. वही टेबलावर सपाट ठेवून मोबाईल तिच्या बरोबर वर, समांतर धरावा. खुर्चीवर उभे राहण्यापेक्षा वही जमिनीवर सतरंजीवर ठेवणे सोपे जाते. शिवण सुटलेल्या वहीची पाने सपाट व्हावीत म्हणून ती दाबू नयेत. काठांवर दोन पट्ट्या हलक्या हाताने ठेवल्या की पुरे.

येथे एक प्रश्न हमखास येतो. समोरासमोरची दोन पाने एका चित्रात घ्यावीत की निराळी? जनरल रजिस्टरात विद्यार्थ्याची ओळ डाव्या पानावर सुरू होऊन उजव्या पानावर संपते. डावीकडे नाव, जात व जन्मदिनांक. उजवीकडे शाळा सोडल्याची तारीख, कारण व शेरा. पाने निराळी घेतली आणि जोडणीत एखादे मागेपुढे झाले, तर एकाचे नाव दुसऱ्याच्या शेऱ्याला चिकटते. म्हणून दोन्ही पाने एका चित्रात घेणे हेच हितकर. हिशेबही पाहावा. उघडलेली वही १६ इंच रुंद व १३ इंच उंच धरली आणि मोबाईलचे चित्र ४००० बाय ३००० ठिपक्यांचे असले, तर इंचाला साधारण २३० ठिपके मिळतात. स्पष्ट अक्षराला ते पुरतात. शाई फार उडालेली असल्यास त्या जोडपानाच्या मागोमाग डावे व उजवे पान जवळून पुन्हा घ्यावे. ८ इंच रुंद व १३ इंच उंच अशा एकट्या पानास इंचाला सुमारे ३०० ठिपके मिळतात, आणि लेखी कागदासाठी तेवढे प्रमाण चांगले समजले जाते.

कोरी पाने, रद्द केलेली पाने, मुखपृष्ठाच्या आतील शिक्के, एवढेच काय, पानाला टाचलेल्या चिठ्ठ्यासुद्धा घ्याव्यात. चिठ्ठी असलेल्या पानाचे एक चित्र चिठ्ठीसह आणि एक चिठ्ठी बाजूस करून. कोरे पान वगळले की पुढे पाहणाऱ्यास ते कोरे होते की गहाळ झाले, हे कळण्यास मार्ग राहत नाही.

मोबाईलमधील स्कॅनची सोय वापरणाऱ्यांनी एक सावधगिरी बाळगावी. या प्रणाली पानाच्या कडा आपोआप ओळखून बाहेरचा भाग कापतात आणि कागद पांढराशुभ्र करून दाखवितात. दिसावयास ते सुंदर असते. परंतु कडेला पेन्सिलीने लिहिलेला शेरा त्या कापण्यात जातो, आणि कागद उजळताना फिकट निळी शाई त्याच्याबरोबर पुसली जाते. जुन्या वहीत तांबड्या शाईची दुरुस्ती, निळी सही आणि जांभळा शिक्का यांचे रंग वेगळे दिसणे हाही पुरावाच असतो. म्हणून कृष्णधवल प्रकार, उजळणी, डाग पुसण्याची सोय, यांपैकी काहीही लावू नये. डाग असेल तर डाग दिसू द्यावा. वहीत अनेक मुलांचा जन्मदिनांक १ जून असा लिहिलेला आढळतो आणि तो कसा लिहिला गेला हे प्रत्येक शिक्षक जाणतो. तरीही छायाचित्र घेणाऱ्याचे काम तो सुधारण्याचे नाही. नोंदीतील दुरुस्तीचा मार्ग निराळा, सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी मान्यतेचा आहे.

क्रम आणि नावे

जोडणीतील बहुतेक घोटाळे येथे होतात. चौथीच्या मुलासमोर १, १०, २, ३ अशी मांडणी केली तर ते हसेल. अनेक संगणक प्रणाली मात्र फाईलींची नावे शब्दकोशाच्या रीतीने, पहिले चिन्ह पाहून, मग दुसरे पाहून लावतात. त्यांच्या लेखी १० हे २ च्या आधी येते. उपाय सोपा आहे. सर्व नावे समान अंकांची करावीत : ००१, ००२, ००३, याप्रमाणे. अंक देवनागरी वळणाचे असोत वा इंग्रजी, एकाच वळणाचे असावेत.

मोबाईल स्वतः जी नावे देतो ती बहुधा तारीख व वेळ यांवरून असतात, त्यामुळे घेतलेल्या क्रमाने चित्रे लागतात, आणि शिक्षक निर्धास्त होतो. पण चौदावे पान हलल्यामुळे शेवटी पुन्हा घेतले असेल, तर ते वहीच्या अखेरीस जाऊन बसते आणि हललेले चित्र चौदाव्या जागी तसेच राहते. पुन्हा घेतलेल्या चित्राला मूळ जागेचा क्रमांक देऊन बिघडलेले लगेच काढून टाकावे.

पहिले चित्र एका कोऱ्या कागदाचे असावे. त्यावर शाळेचे नाव, गाव, तालुका, नोंदवहीचा क्रमांक, कोणत्या अनुक्रमांकापासून कोणत्या अनुक्रमांकापर्यंत, एकूण पाने, छायाचित्रे घेतल्याचा दिनांक आणि मुख्याध्यापकाची सही असावी. शेवटीही तसाच कागद : ‘नोंदवही समाप्त’, आणि एकूण चित्रांची संख्या. या दोन कागदांमुळे पीडीएफ पुढे कोणाच्याही हाती गेली तरी ती कोठली व पुरी की अपुरी, हे तिच्यावरूनच कळते.

जोडणी

शाळेत विंडोज १० अथवा ११ असलेला संगणक असल्यास वेगळी प्रणाली घेण्याचे कारण नाही. सर्व चित्रे एका फोल्डरमध्ये क्रमाने लावून निवडावीत आणि पहिल्या चित्रावरच माऊसची उजवी कळ दाबून ‘प्रिंट’ घ्यावे. मधल्या चित्रावर दाबल्यास तेच पहिले पान होऊन बसते. प्रिंटर म्हणून ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडावा. त्याच खिडकीत ‘फिट पिक्चर टू फ्रेम’ या शब्दांपुढे खूण असते, ती काढावी. राहिली तर चित्राच्या कडा कापल्या जातात, आणि कडेलाच अनुक्रमांकाचा रकाना असतो. या मार्गात चित्र कागदाच्या मापात नव्याने रेखले जाते, म्हणून वर सांगितलेली फिकट पानाची परीक्षा येथे अवश्य करावी.

संगणक नसल्यास गूगल ड्राइव्हच्या मोबाईल प्रणालीतील स्कॅनची सोय पाने एकामागून एक घेऊन थेट पीडीएफ करते. थोड्या पानांसाठी ती सोयीची आहे. शंभर जोडपानांच्या वहीसाठी ती वापरू नये. मध्येच दूरध्वनी आला अथवा बॅटरी संपली की केलेले काम हातचे जाण्याचा संभव असतो. आधी छायाचित्रे, मग जोडणी, हीच मोठ्या कामाची रीत.

चित्रे चढवून पीडीएफ करून देणारी विनामूल्य संकेतस्थळे पुष्कळ आहेत. हस्तलिखितासाठी त्यांचा उपयोग करण्यास प्रत्यवाय नाही. नोंदवहीसाठी मात्र करू नये. तेथे चित्र चढविणे म्हणजे गावातील पिढ्यान्‌पिढ्यांची नावे, जन्मदिनांक व जाती अपरिचित माणसाच्या संगणकावर नेऊन ठेवणे होय. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ साली अधिनियमच केला आहे, आणि त्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी अधिक काटेकोर तरतुदी आहेत.

फाईलच्या आकाराचाही विचार हवा. एक छायाचित्र तीन-चार एमबीचे असते, म्हणजे शंभर जोडपानांची वही तीन-चारशे एमबीची होते. जीमेलमधून २५ एमबीपेक्षा मोठी फाईल जोडपत्र म्हणून जात नाही. अशा वेळी सर्व चित्रे लहान करून टाकण्याचा मोह होतो. तसे न करता पूर्ण आकाराची प्रत मूळ म्हणून शाळेत राखावी आणि पाठविण्यासाठी निराळी हलकी प्रत करावी. व्हॉट्सअ‍ॅपवर छायाचित्र म्हणून पाठविले की ते बहुधा वाटेत लहान होते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास जसेच्या तसे पोहोचते. कोणी एका नोंदीसाठी विचारणा केल्यास तेवढे पान पाठवावे, सबंध वही नव्हे. त्या पानावरही शेजारच्या दहा-वीस जणांच्या ओळी असतात, हे ध्यानात ठेवून शक्य तेथे कार्यालयाकडूनच कार्यालयाकडे ते जाऊ द्यावे.

ताडणी

पीडीएफ तयार झाली की काम संपले असे वाटते. खरे पाहता सर्वांत महत्त्वाचा तास अजून राहिलेला असतो. एकाने मूळ वही घ्यावी, दुसऱ्याने पडदा पाहावा. वहीवाल्याने प्रत्येक जोडपानाचा पहिला व शेवटचा अनुक्रमांक वाचावा आणि पडद्यावाल्याने ‘आहे’ म्हणावे. द्विशिक्षकी शाळेत दोघे असतातच. एकशिक्षकी शाळेच्या शिक्षकाने शेजारच्या शाळेतील सहकाऱ्यास बोलवावे, अथवा केंद्राच्या शिक्षण परिषदेच्या दिवशी हे काम उरकावे.

एवढा खटाटोप कशासाठी, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. दमट पाने एकमेकांस चिकटतात आणि उलटताना दोन एकदम उलटली जातात. समजा, अशा रीतीने अनुक्रमांक ५०१ ते ५२० चे जोडपान राहिले. त्या दिवशी कोणाच्या लक्षात येत नाही. पुढे केव्हातरी मूळ वही वाळवीने खाल्ली किंवा पुरात गेली आणि ५१२ क्रमांकाच्या मुलाची नात आजोबांचा निर्गम उतारा मागावयास आली, तर कार्यालय पीडीएफ उघडील, पाने चाळील आणि ‘नोंद आढळत नाही’ असे लिहून देईल. वही नसती तर निदान ‘दप्तर नष्ट झाले’ असे उत्तर मिळाले असते आणि दुसऱ्या पुराव्याचा शोध सुरू झाला असता. पुरी दिसणारी अपुरी प्रत तो मार्गही बंद करते, आणि खऱ्या नातीवर खोटेपणाचा संशय येतो.

ताडणी करतानाच एक कागदी सूची करावी : पीडीएफचे पान, आणि त्यावरील अनुक्रमांक कोठून कोठपर्यंत. छायाचित्रांच्या पीडीएफमध्ये संगणकाला अक्षरे दिसत नाहीत, फक्त चित्र दिसते. त्यामुळे नाव टाकून शोध घेता येत नाही. मोडी पानांच्या बाबतीत तर सूची हाच आधार. मोडी जाणणारे गृहस्थ गावात वा तालुक्यात असल्यास त्यांच्याकडून त्या पानांवरील नावे देवनागरीत उतरवून घ्यावीत. मात्र तो कागद सूचीबरोबर ठेवावा, नोंदवहीच्या पानावर काही लिहू नये.

पीडीएफ झाली म्हणून मूळ वही अडगळीत टाकावयाची नाही. उतारा द्यावयाचा तो मूळ नोंदीशी ताडूनच, मुख्याध्यापकाच्या सही-शिक्क्याने. पीडीएफमुळे एवढेच होते की नुसत्या शोधासाठी जीर्ण वही रोज उघडावी लागत नाही. नोंद कोणत्या पानावर आहे हे पडद्यावर पाहून घ्यावे आणि मग वही एकदाच, त्याच पानावर उघडावी. वही सुती फडक्यात बांधून, जमिनीपासून वर आणि भिंतीपासून दूर ठेवावी.

तयार पीडीएफच्या तीन प्रती असाव्यात : एक शाळेच्या संगणकावर, एक कपाटातील पेन ड्राइव्हवर आणि एक शाळेबाहेर, केंद्रशाळेत किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागात, पोच घेऊन. पुराच्या वेळी पहिल्या दोन प्रती एकाच खोलीत असतात, म्हणून तिसरीची गरज. पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षे न उघडता पडून राहिला तर निकामी होऊ शकतो. दर जूनमध्ये, नव्या प्रवेशांच्या आधी, तिन्ही प्रती उघडून पहिले, मधले व शेवटचे पान पाहावे आणि पाहिल्याचा दिनांक सूचीच्या कागदावर लिहावा. नव्या प्रवेशांनी भरलेली पाने वर्षअखेर निराळ्या पीडीएफमध्ये घ्यावीत. जुनी, ताडलेली पीडीएफ पुन्हा उसवू नये. आणि हे सर्व झाल्यावर शिक्षकाने आपल्या खाजगी मोबाईलमधील नोंदवहीची छायाचित्रे, ‘हटविलेली चित्रे’ या कप्प्यासह, पुसून टाकावीत.